पाणी मुरायलंय

चांगलं काँक्रीट फुटताना आवाज करतं. यंत्राच्या दोन जाड पाट्यांमध्ये ठोकळा ठेवायचा आणि दाब वाढवत न्यायचा. काटा चढत जातो, ठोकळा काही बोलत नाही, आणि मग एकाएकी असा बार होतो की नवीन माणूस दचकून मागे सरतो. राजश्रीला या आवाजाची इतकी सवय झाली होती की तिच्या हातातला चहा कधी हिंदकळत नसे. त्या दिवशी मात्र हिंदकळला, आणि तो आवाज झाला नाही म्हणून. दिंद्रुडच्या बुद्धविहाराच्या स्लॅबमधून कापून आणलेला, मुठीएवढ्या जाडीचा तुकडा यंत्रात होता. काटा अर्ध्यावर पोचायच्या आत तो नुसता कण्हला, कडेने भुसभुशीत झाला आणि बसला. पाटीवर करडी भुकटी सांडली. राजश्रीने ती बोटाने उचलली आणि काही कारण नसताना वासही घेतला. परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेला तसा वास नसतो. पण लहानपणी नाकात बसलेल्या गोष्टीला वास असावा लागतो असं कुठे आहे? बीडच्या बार्शी नाक्याजवळच्या त्या प्रयोगशाळेत, पंख्याखाली, भर दुपारी तिला लहानपणीच्या क्वार्टरची मोरी आठवली आणि तिने फडक्याने पाटी पुसून घेतली.

मग तिने टाकीतला ठोकळा काढला. स्लॅब ओतला त्या दिवशी त्याच घमेल्यातून भरलेले ठोकळे इथे पाण्यात बुडवून ठेवले होते, त्यातला एक उरला होता. तो तिने दोनदा पुसून यंत्रात ठेवला, आणि त्या दोनदा पुसण्याचा तिला रागही आला. इतक्या वर्षांत इतक्या लोकांचे पूल, टाक्या, शाळा तिने नापास केल्या होत्या. कंत्राटदार समोर घाम पुसत उभे राहिले तरी तिचा आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता. काटा चढला, अपेक्षेच्या पुढे गेला, आणि ठोकळा असा फुटला की शेजारच्या दुकानातल्या माणसाने डोकावून पाहिलं. म्हणजे माल एकच, घमेलं एकच. एक पाण्यात राहिला तो दगड झाला, दुसरा दिंद्रुडच्या उन्हात राहिला तो राखच राहिला. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच कळलं की या सुटण्याला काही अर्थ नाही. दिंद्रुडमध्ये टाकीतल्या ठोकळ्याखाली कोणी वंदनेला बसणार नव्हतं.

सिमेंटच्या तिसऱ्या हिश्श्याऐवजी राख घालायची, ही कल्पना तिचीच. त्यात नवल काही नाही, जगभर घालतात. सिमेंट पाण्याला भेटलं की भराभर घट्ट होतं आणि थोडा चुना मागे टाकतं. राख संथ असते. ती तो चुना सावकाश खाते आणि खाता खाता स्वतः दगड होते; पुढे जाऊन नुसत्या सिमेंटला मागे टाकते. अट एकच, तोवर तिला ओलं ठेवायचं. पाणी तुटलं की राख जेवणावरून उठते. विहाराच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी कुरकुरलं होतं, "बुद्धाच्या घराला राख लावायची व्हय?" समितीचे भारतनाना, राजश्रीच्या वडिलांचे चुलतभाऊ, त्यांनीच त्याला गप्प केलं. "स्तुपात काय असतंय बे? राखच असती की. आपल्याला कुठून आला राखेचा इटाळ?" लोक हसले आणि ठराव झाला. त्या हसण्यात राजश्रीही होती, पण तिच्या डोक्यात स्तूप नव्हता. तिच्या डोक्यात परळीच्या थर्मलमध्ये राखेच्या पाइपांवर काम करणारे, आता हयात नसलेले तिचे वडील निवृत्ती होते.

तिने नानांना फोन लावला. "नाना, तुकडा कमी ताकदीवर फुटला." "मंग? फोडायचा का स्लॅब?" "रविवारी येते. तोवर कोणी हात लावू नका. खालचे टेकूही काढू नका." "सटवा मिस्त्री मागं लागलाय पोरी, टेकूवरच्या लोखंडी प्लेटा घेऊन जातो म्हनून. तेलगावचं काम अडलंय त्याचं. आन् लोक नखानं खरवडून बघायलेत, राख झडती म्हन्तेत." मग नाना खालच्या आवाजात म्हणाले, "राजे, तुझ्या नावावर केलंय बरं हे समद्यांनी." हे वाक्य त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते तिला फार लागलं.

परळीची एसटी वडवणीपर्यंत भरलेली होती, मग खिडकी मिळाली. समोरून राखेचे टिप्पर येत होते, ताडपत्री अर्धी बांधलेली, अर्धी फडफडणारी. प्रत्येक टिप्पर गेला की एसटीतली माणसं आपोआप पदर, रुमाल नाकाला लावत आणि खाली घेत. राजश्री लावत नव्हती. हाच रस्ता, एका टोकाला थर्मलचं क्वार्टर आणि मध्ये दिंद्रुड. तिचं अख्खं लहानपण या रस्त्यावर मागेपुढे झालं होतं. निवृत्ती ड्यूटीवरून यायचे ते करड्या रंगाचे. भुवया करड्या, कानाच्या पाळ्या करड्या. माय त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. दारातच उभं करून डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतायची, आणि मग त्या पाण्याखालून हळूहळू एक काळा, हसरा माणूस बाहेर यायचा. राजश्रीला वाटायचं, रोज संध्याकाळी वडील नव्याने होतात. वाळत घातलेल्या पापडांवर राख असे, दुधाच्या सायीवर असे. तळ्यात सोडलेली राख तर पाण्यावर तरंगत राही, बुडायचं नाव नाही. शाळेत मुली तिला राखुंडी म्हणायच्या. राखुंडीने दात घासतात, तोंड स्वच्छ होतं, मग यात वाईट काय, असं ती मायला विचारायला गेली, तर माय तशीच चपला घालून त्या मुलींच्या घरी भांडायला निघाली. मायला, दगडाबाईला, सगळं सोसत असे. लेकीला कोणी नाव ठेवलेलं तेवढं सोसत नसे.

आणि ती बादली. एका उन्हाळ्यात दिवाळीच्या रंगाचा उरलेला चुना एका जुन्या बादलीत ओला करून ठेवला होता. मायने घाईत निवृत्तींच्या कपड्यांचं राखेचं पाणी त्यातच पिळलं, वर ताट झाकलं, आणि सगळे गावी निघून गेले. सुट्टी संपवून परत आले तर बादलीच्या तळाशी दगड. माय उलथन्याने खरवडत बसली, आपटून झाली, बादलीला पोचे पडले पण तो गोळा हलला नाही. निवृत्ती उकिडवे बसून त्यावर बोटाच्या पेराने टकटक करत होते. "राजे, बघ की. एवढं आमी तळ्यात सोडून देतोत, आन् हे असं हाय व्हय!" मग ती बादली कित्येक वर्षं दाराला टेकण म्हणून राहिली. इंजिनियरिंगच्या पुस्तकात राजश्रीने हीच गोष्ट मोठमोठ्या नावांनी वाचली तेव्हा तिला हसू आलं होतं. आता एसटीत तिला हसू येत नव्हतं. विहाराचा स्लॅब तिने गावासाठी घातला की त्या बादलीसाठी? माणसाने एका बादलीच्या भरवशावर दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालावं का? टाकीतला ठोकळा फुटतानाचा बार तिने मनात पुन्हा आणून पाहिला, पण एसटीच्या खडखडाटात तो नीट ऐकू येईना.

दिंद्रुडला ती आधी घरी गेली नाही, विहारावर गेली. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली अजून लोखंडी टेकूंचं रान. शिडीने वर गेली. सटवाने काम चोख केलं होतं, कडा सरळ, उतार बरोबर. पाणी धरून ठेवायला त्याने सगळ्या स्लॅबवर मातीच्या गाऱ्याचे छोटे बांध घालून चौकोनी आळी केली होती, भाजीच्या वाफ्यांसारखी. आळी कोरडी होती. तळाला पांढुरकी पापडी धरली होती, तिच्यावरून हात फिरवला तर बोटं करडी झाली. राजश्री वाकून एकेक वाफा बघत गेली आणि तिसऱ्याशी तिचा पाय थबकला. बांध एका जागी फोडलेला होता. चौथाही, पाचवाही. फुटलेले नव्हते, फोडलेले होते. खुरप्याने तिरका काप घेऊन माती शेजारीच व्यवस्थित ठेवलेली, पुन्हा लिंपायला सोपी जावी अशी. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि शेवटी पन्हाळीत. रानात पिकाला पाणी देताना दारं धरणारं माणूस असंच करतं. मिस्त्री असं करत नाही, त्याला येत नाही. आणि तिरका काप घेऊन माती डाव्या अंगाला ठेवायची खोड राजश्रीने जन्मभर एकाच माणसाच्या हातात पाहिली होती, कारण ते माणूस डावरं होतं. ती तिथेच स्लॅबवर बसली. ऊन चटके देत होतं तरी उठावंसं वाटेना.

माय भाकरी थापत होती, डाव्या हाताने. "आलीस? हातपाय धू." राजश्रीने पाय धुतले नाहीत. ती चुलीसमोर बसली. "माय, स्लॅबवरचं पाणी तू सोडून दिलंस?"

दगडाबाईने भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. खोटं बोलणं तिला जमलं नसतं असं नाही, पण ते तिच्या मनात आलं नाही. "मंग काय करू? समदं गाव म्हनायलतं."

"काय म्हणायलं होतं?"

"गिरनीवर दळन घेऊन गेलते. तिथं बबिता म्हन्ली, काकू, राजीच्या कामात पानी मुरायलंय म्हनं. सटवाच सांगत होता म्हनं हाटेलात. म्या तशीच दळन टाकून आले." तिने पुढचा गोळा जोरात थापला. "तुझ्या बापानं उभ्या जल्मात कुनाचा खिळा उचलला न्हाई. आन् तुझ्या कामात पानी मुरतंय? वर जाऊन बघते तर खरंच, समदं पानीच पानी. रोज दुपारी समदे निजल्यावर जाऊन दारं मोडायचे, पानी गेलं की लिंपायचे; शेवटच्या बारीला तेवढी लिंपायची राह्यली. म्हन्लं पानीच न्हाई राहिलं तर मुरंल काय, माझं हाड?"

राजश्रीला आधी काही कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. स्लॅब ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी ती फोनवर नानांना म्हणाली होती, "पाणी मुरू द्या त्यात. जितकं मुरेल तितकं चांगलं." नाना कानाने अधू, त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर; समोर सटवा, चार गवंडी. सटवा हॉटेलात म्हणाला असेल, ताई म्हन्ल्या पानी मुरायला पायजे. हॉटेलापासून गिरणीपर्यंत वाक्याचं शेपूट गळून पडलं. लोणचं मुरतं ते चांगलं, पाऊस मुरतो तो चांगला, माणूस कामात मुरतं तेही चांगलं. फक्त कोणाच्या व्यवहारात पाणी मुरलं की तो चोर. या भाषेत जन्म काढून तिला हा शब्द सांभाळून वापरता आला नाही. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, तोंडावर ओढणी घेऊन, लहानपणी रडायची तशी. माय घाबरली. "काय झालं गं? म्या काय वाईट केलं का?" राजश्रीने तिला सांगितलं. बादलीची गोष्ट सांगितली, ताट झाकून ठेवलं होतं म्हणून पाणी उडालं नाही, म्हणून दगड झाला. दगडाबाई ऐकत राहिली. तव्यावरची भाकर करपली आणि दोघींपैकी कोणीही ती उलटली नाही.

संध्याकाळी विहारासमोर सतरंज्या टाकून सगळे बसले. नानांनी त्रिशरण झाल्यावर सरळ विषयाला हात घातला. "सांग पोरी. फोडायचा का ठिवायचा?" राजश्रीने दोन्ही तुकडे पिशवीतून काढून समोर ठेवले, पाण्यात राहिलेला आणि स्लॅबमधला. माल एकच आहे, म्हणाली, फरक फक्त पाण्याचा. माणसं पुढे सरकून बघू लागली, आणि मग एकेक करून सगळ्यांची डोकी सटवाकडे वळली. तो प्लेटा न्यायला आला होता, कडेला उभा होता.

"सटवा, खरं सांग बे," नाना म्हणाले. "पानी मारलंस का नुस्ता बिड्या फुकत बसलास?"

"नाना, लेकराची आन. रोज सकाळी आळी भरून देत व्हतो. सांजच्याला बघावं तर कोरडीठाक. म्हन्लं ऊनच पीत असंल. शेवटी म्यापन कटाळलो, खोटं कावून बोलू?"

कोणाचा विश्वास बसला नाही. राजश्रीला ते चेहऱ्यांवर दिसत होतं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं. राखेचं नाव राहिलं असतं, तिचं राहिलं असतं, मायचं तर निघालंच नसतं. सटवा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या जातीचा, चार शिव्या खाऊन तेलगावला गेला असता. हे सगळं इतकं सोपं होतं की तिला त्या सोपेपणाची भीती वाटली. मुलींनी राखुंडी म्हटलं तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनीही फक्त गप्पच बसायचं ठरवलं होतं. "सटवाची चूक नाही," ती म्हणाली. "मी फोनवर एक शब्द असा..."

"म्या सोडलं पानी." मागून, बायकांच्या ओळीतून आवाज आला. दगडाबाई उभी होती, पदर डोक्यावर घट्ट धरून.

"कावून गं वैनी?" नानांना खरंच कळेना.

"लोक म्हनायलते, माझ्या लेकीच्या कामात पानी मुरायलंय."

"लोक म्हन्जी कोन?"

दगडाबाईने कोणाचंही नाव घेतलं नाही. ती नुसती सगळ्यांकडे एकदा बघत गेली, बायकांच्या ओळीपासून पुरुषांच्या ओळीपर्यंत. बबिताने मांडीवरच्या पोरीची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली. दोघं तिघं सतरंजीचा दोरा उसवू लागले. नाना स्वतः चष्मा पुसायला लागले, कारण गिरणीवर नसले तरी हॉटेलात तेही होते. मग सटवाच खाकरला. "हाटेलात म्याच बोल्लो व्हतो ते. हासन्यावारी."

राजश्रीने मग काय करता येईल ते सांगितलं. वाळलेली राख पुन्हा ओली केली तर पुन्हा कामाला लागते. किती लागेल हे पुस्तकंही छातीठोक सांगत नाहीत, तीही सांगणार नाही. टेकू हलवायचे नाहीत, आळी पुन्हा बांधायची, पावसाळा लागेपर्यंत पाणी तुटू द्यायचं नाही. त्यानंतर पुन्हा तुकडा कापायचा. तोही तसाच कण्हत फुटला तर ती स्वतः पहिला घण घालेल. "आन् प्लेटा?" नानांनी सटवाकडे पाहिलं. सटवाने कानामागची बिडी काढली, पुन्हा तिथेच ठेवली. "राहू द्या," म्हणाला. "तेलगाववाल्याला सांगतो कायतरी." फोडायची गोष्ट त्या दिवशी पुन्हा कोणी काढली नाही, पण उठताना दोन-तीन जण मान वर करून स्लॅबकडे बघतच गेले. त्यांचा भरवसा बसला नव्हता, आणि राजश्रीला त्यांचा राग आला नाही. तिचा तरी कुठे पुरता बसला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीसाठी ती निघाली तेव्हा माय घरात नव्हती. खुरपंही जागेवर नव्हतं. विहाराच्या वळणावर राजश्री थांबली. दगडाबाई वर होती, लुगड्याचा काचा मारून, अनवाणी. डाव्या अंगाला ठेवलेली माती उचलून तिने एकेक काप लिंपून टाकला होता आणि आता बोअरच्या पाइपाने वाफे भरत होती. घाई न करता, कडेपासून आत, पाण्याची धार बांधाला लागू न देता, जसं एखाद्याच्या डोक्यावरून पाणी ओतावं तसं. भरलेल्या वाफ्यांवर करडी साय तरंगत होती आणि विरत होती. पलीकडच्या वाटेने बबिता दळणाचा डबा घेऊन चालली होती. ती थांबली, कालचं तिला कुठेतरी पुसून टाकायचं असावं, पण कसं ते सुचलं नसावं. वर बघून तिने तेच विचारलं, "काकू, पानी मुरायलंय का?"

दगडाबाई वाकलेली होती ती सरळ झाली. पाइप दुसऱ्या वाफ्यात सोडला, ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मुरायलंय की! मुरायलाच टाकायले म्या."